भुरीचा मंगळवार

आषाढातला शेवटचा मंगळवार तोंडावर आला आणि भुरी कोंबडी खुराड्यातल्या दांडीवरून पडली. सकाळी राजाबाईनं फळी सारली तेव्हा बाकीच्या कोंबड्या भुरीच्या अंगावर पाय देऊन बाहेर पळत होत्या आणि भुरी खाली घाणीत एका कुशीवर पडून होती.  तिनं आत हात घालून भुरीला बाहेर काढलं. अंगात काही उरलं नव्हतं, पिसं तेवढी हाताला लागत होती. डोळ्यांवर पांढरट साय आलेली, तुरा काळपट पडलेला. पण छातीला बोट लावून पाहिलं तर आत जीव टुकटुकत होता.

"अवो, इकडं या! भुरी पडली!"

मल्हारी शेळ्या सोडत होता. तो घाईनं आला नाही. कोंबडी पडली म्हणून घाईनं येणारा माणूस तो नव्हता. हातातली दोरी खुंटीला अडकवून तो आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "म्हातारी झाली. कोंबडी किती दिवस जगती?"

"मंगळवारच्या आधी मरायची नाय ती."

"ते मला कामून सांगती? तिला सांग."

राजाबाईला राग आला, पण भीती इतकी मोठी होती की रागाला आत जागाच नव्हती. तिनं भुरीला पदराखाली घेतलं आणि चुलीकडं नेलं. बाहेर तीन दिवसांपासून झड लागली होती. धड पाऊस नाही, धड उघाड नाही, नुसती बारीक भुरभुर. पडेगावच्या मागं माळावर त्यांचं पत्र्याचं घर. आजूबाजूला प्लॉट पडले होते, खांब रोवले होते, पण माणसं अजून राहायला आली नव्हती. त्या मोकळ्या माळावरून वारा सरळ घरात शिरायचा. असल्या गारठ्यात तरणी कोंबडी आखडते, मग हिचं काय होणार?

भुरी देवीची होती. म्हणजे राजाबाईनंच ती देवीला देऊन टाकली होती आणि मग दिली नव्हती.

त्याला बरीच वर्षं झाली. लेकाचं, रामेश्वरचं, तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. वाळूजच्या कंपनीतून पाळी संपवून मोटारसायकलवर येताना त्याला एका टेम्पोनं उडवलं. डोक्याला मार लागला आणि पोरगं दवाखान्यात डोळे मिटून पडलं. डॉक्टर काही सांगेनात. मल्हारी तिथं बसून राहिला आणि राजाबाई घरी आली ती त्याचा रक्तानं कडक झालेला शर्ट घेऊन. दवाखान्यात कोंबडी कोण आत घेणार? म्हणून तिनं तो शर्टच अंगणात अंथरला आणि ओवाळायला कोंबडी धरायला गेली. कोंबड्यांना काय कळलं कोण जाणे, सगळ्या भुर्र झाल्या. एक तेवढी जागची हलली नाही. राजाबाईनं ती उचलली, शर्टावरून ओवाळली आणि मरीमातेचं नाव घेऊन म्हणाली, "जिवाला जीव. मपलं लेकरू उठू दे, ही तुही."

दुसऱ्या दिवशी रामेश्वरनं डोळे उघडले. पाणी मागितलं.

मग राजाबाईचं डोकं ठिकाणावर आलं आणि तिला कळलं की आपण काय करून बसलो. ती कोंबडी पळाली नाही, कारण ती खुडूक होती. अंड्यांवर बसलेली होती. अंड्यांवर बसलेली कोंबडी कुणी कापत नाही, देवीलाही चालत नाही. बरं, बदली दुसरी देता येत नव्हती, कारण ओवाळली ही होती. तिनं देवीकडं महिनाभराची मुदत मागितली. पिल्लं निघाली. पिल्लं पायात घोटाळतात तोवर आईला कसं न्यायचं? पुढच्या आषाढात भावकीत सुतक आलं. त्याच्या पुढच्या आषाढात सून सुकेशनी बाळंत झाली, विटाळ होता. मग टाळेबंदीत देवीच्या झाडाखाली कुणी कुणाला उभं राहू देईना. नंतर एका वर्षी काहीच आडवं आलं नाही, तेव्हा राजाबाईनं स्वतःच पाय मुरगळल्याचं निमित्त काढलं. तोवर भुरी तिच्या मागंमागं फिरायची, ती भाकरी थापायला बसली की पाटापाशी येऊन बसायची. देवी समजून घेती, असं राजाबाई मनाशी म्हणायची. देवीनंही इतकी वर्षं समजून घेतलं.

पण भुरी आपल्या मरणानं घरी मेली, तर देणं फिटणार नव्हतं. बोललेला जीव देवीला पोचला नाही, तर ती दुसरा मागणार. दुसरा कोणता, हे राजाबाईला कुणी सांगायला नको होतं. आणि मंगळवार गेला की अमावस्या, अमावस्येनंतर श्रावण. श्रावणात सुरी बंद. पुढचा आषाढ बघायची भुरीत ताकद नव्हती.

तिनं चुलीच्या वैलाशेजारी कोमट राख पसरली, वर जुनं गोणपाट टाकलं आणि भुरीला त्यावर ठेवून डालग्यानं झाकलं. बाजरीच्या कण्या शिजवून, त्यात हळद आणि लसणाचा रस घालून ती भुरीची चोच उघडायची आणि बोटाच्या टोकानं घास आत सरकवायची.  भुरी कधी गिळायची, कधी मान झटकून सगळं राजाबाईच्या तोंडावर उडवायची.

सून सुकेशनी पीठ मळत हे बघायची. "आत्याबाई, मला न्यूमोनिया झाला व्हता तवा तुमी एवढं नव्हतं केलं."

"तू मंगळवारी कापायची नव्हती ना," राजाबाई म्हणाली. दोघी हसल्या, पण राजाबाईचं हसू ओठांवरच संपलं.

भीतीला खतपाणी घालायला आणखी एक गोष्ट झाली होती. कंपनीची बस त्याच महिन्यापासून त्यांच्या थांब्यावर यायची बंद झाली आणि रामेश्वरनं मोटारसायकल पुन्हा बाहेर काढली. अपघातानंतर त्यानं ती क्वचितच चालवली होती. आता रोज पहाटे, पहिल्या पाळीला, त्या ओल्या रस्त्यावरून. तिकडं भुरी पडली आणि इकडं गाडी निघाली. राजाबाईला हा योगायोग वाटला नाही. देवी वसुलीला निघाली, असंच तिला वाटलं.

रामेश्वर निघताना डालगं उचलून आत डोकावायचा. "काय भुराबाई, दम धरा मंगळवारपर्यंत. नायतर मपलं काय खरं नाय."

राजाबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "जिभंला काय हाड? सकाळच्या पारी काय बोलतो?"

"अगं माय, गंमत करू ऱ्हायलो."

"नगं करू गंमत. गाडी हळू चालव."

शनिवारी भुरीनं चोच उघडली नाही. राजाबाईनं पाण्यात बुडवलेला कापूस चोचीवर पिळला, तो खाली ओघळून गेला. मग तिनं बाजाराची पिशवी घेतली, तळाशी फडकं घातलं, भुरीला आत बसवलं आणि छावणीकडं जाणाऱ्या रिक्षात जाऊन बसली. शेजारच्या बाईनं पिशवीतून डोकावणारी मान बघितली आणि साडी आवरून घेतली.

"बीमार हाय क्या? हमको लगेगा तो?"

"म्हातारी हाय वो. बुढापा कुणाला लागत नाय," राजाबाई म्हणाली. तरी बाई दाराकडं सरकूनच बसली, आणि राजाबाईनं पिशवीचं तोंड मुठीत धरलं. मग आत गुदमरेल म्हणून पुन्हा सोडलं.

जनावरांच्या दवाखान्यात गाई होत्या, शेळ्या होत्या, एका साहेबाचा केसाळ कुत्रा होता. राजाबाईचा नंबर आला तेव्हा तरुण डॉक्टरनं पिशवीत बघितलं आणि आधी हसूच आवरलं.

"आजी, एकच आहे का? बाकीच्या कशा आहेत?"

"बाकीच्या चांगल्या हायेत. हिचंच बघा."

त्यानं मात्र नीट बघितलं. पंख उघडून पाहिला, पोट चाचपलं, चोच उघडून बॅटरी मारली. "रोग काही नाही हिला. वय झालंय. अंडी देऊन देऊन अंग झिजलंय. ऊब द्या, साखरपाणी द्या. फार दिवस नाही काढायची."

"मंगळवारपर्यंत काढन का?"

"सांगता येत नाही. मंगळवारी काय आहे?"

 राजाबाईला खोटं बोलायला सुचेना म्हणून खरंच बोलली. "कापायचीय."

डॉक्टरनं बॅटरी विझवली. मागं कुत्रा घेऊन बसलेला साहेब मोठ्यानं हसला. त्याचं बघून कम्पाउंडर हसला. कोंबडी कापायला जगवणारी म्हातारी त्यांना पहिल्यांदाच भेटली होती. राजाबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिला सांगता आलं असतं, शर्टाचं, पोराचं, सगळं. पण ते त्या हसण्यात मिसळायला नको होतं. डॉक्टर हसला नाही. त्यानं एका लहान बाटलीत औषध ओतून दिलं आणि म्हणाला, "थेंब थेंब द्या. ठसका लागू देऊ नका."

ते औषध, साखरपाणी आणि चुलीची ऊब यांच्या जोरावर भुरी टिकली. राजाबाई तिच्याशेजारीच गोधडी टाकून झोपायची आणि दर थोड्या वेळानं डालग्याखाली हात घालायची. हाताला ऊब लागली की हात तिथंच ठेवायची. कधीकधी तिला वाटायचं, आपण हिला जगवतोय हे हिला कळत असेल, आणि कशासाठी ते कळत नसेल. त्या विचारानं तिला रडू यायचं. पण डोळ्यांपुढं ओला रस्ता आला की रडू आटायचं आणि ती पुन्हा साखरपाण्याची वाटी जवळ ओढायची.

मंगळवार उजाडला. भुरी जिवंत होती.

मरीमातेचं ठाण म्हणजे ओढ्याच्या काठचा लिंब आणि त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेले तांदळे, बिनघडीव दगड. दुपारपासून तिथं गर्दी. कुणाचा कोंबडा, कुणाचं बकरं, चुली पेटवायला ओली लाकडं फुंकणाऱ्या बाया. सर्जेराव नेहमीप्रमाणं धोतर खोचून उभा होता. त्याच्या घराण्याकडंच सुरीचा मान होता. जनावर पुढं आणायचं, त्याच्या डोक्यावर, पाठीवर पाणी शिंपडायचं, आणि त्यानं अंग झाडलं की देवीनं घेतलं. मग सर्जेराव ओरडायचा, "घेतलं!" आणि सुरी चालवायचा. जोवर अंग झाडत नाही तोवर सुरी लावायची नाही.

राजाबाईनं भुरीला पाटीतून आणलं होतं. मल्हारी बरोबर होता, सुकेशनी नैवेद्य घेऊन आली होती. राहिला होता रामेश्वर. ज्याच्यासाठी बोललं त्याचा हात जनावराला लागायला हवा. सुट्टी झाली की तो थेट ठाणावरच येणार होता.

सुट्टीची वेळ होऊन गेली. तो आला नाही.

"फोन लाव त्याला," राजाबाई सुनेला म्हणाली.

फोन वाजला. कुणी उचलला नाही.

"गाडीवर असन, आत्याबाई."

"पुन्यांदा लाव."

पुन्हा वाजला. भुरीची मान पाटीच्या काठावर कलली होती. राजाबाईनं फोन सुनेच्या हातातून घेतला आणि स्वतः लावला. मग परत लावला. एक हात भुरीच्या छातीवर आणि एका कानाला फोन, अशी ती लिंबाखाली बसली. छातीतली टुकटुक मध्येच थांबायची, मग परत लागायची. फोनमध्ये घंटी वाजून वाजून बंद व्हायची. पावसाची भुरभुर वाढली. तिच्या डोळ्यांपुढं तो रस्ता होता, टेम्पो होता, अंगणात अंथरलेला शर्ट होता. तिनं पुन्हा फोन लावला.

सर्जेराव खेकसला, "राजाबाई, तुहा नंबर. मागं लोकं उभे हायेत."

"पोरगं येऊ ऱ्हायलंय. जरा थांब."

"कोंबडीकडं बघ तुह्या. ती थांबन का?"

हे खरं होतं. मल्हारी हळूच म्हणाला, "घे उरकून. पोराच्या नावानं मी हात लावतो." त्यानं भुरीच्या पाठीवर आपला खरबरीत हात ठेवला. भुरीला पायावर उभं राहता येईना, म्हणून राजाबाईनं तिला दोन्ही हातांत धरून देवीपुढं केलं. सर्जेरावनं तांब्यातलं पाणी शिंपडलं. पाणी पिसांवरून निथळलं. भुरीनं डोळे मिटले. बस.

त्यानं पुन्हा पाणी टाकलं, या वेळी जास्त. थंडगार पाणी राजाबाईच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं आणि तेवढ्यात, कशानं कोण जाणे, तिचे हात जोरात थरथरले. हातांबरोबर भुरीची पिसं हलली.

"घेतली!" सर्जेराव ओरडला. मागच्यांनी चांगभलं केलं. सुकेशनीनं हात जोडले. सर्जेरावनं सुरी उचलली.

झालं होतं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं. राजाबाईनं फक्त हात पुढं करायचे होते.

"नाय," ती म्हणाली. "ती नाय हलली. मी हलले."

"काय?"

"मपले हात हलले. तिनं अंग नाय झाडलं."

"अगं बाई, तुहा हात काय अन् कोंबडी काय! घेतली म्हणलं ना मी?"

"तू म्हणला. देवीनं कुठं म्हणलं?" राजाबाईचा आवाज चिरकला. ती सगळ्यांना भीत होती, सर्जेरावला, मागच्या लोकांना, नवऱ्याला. पण शेंदराच्या त्या तांदळ्यांना सगळ्यांत जास्त भीत होती. "तिला काय दिसत नाय का? पोराच्या जिवाला मी खोटं देऊ?"

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, बाजूला व्हा, आमाला स्वयंपाक हाय. मल्हारीनं तिच्या दंडाला धरून तिला लिंबाच्या पलीकडं नेलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्यानं आपलं उपरणं काढून भुरीच्या ओल्या पाठीवर टाकलं आणि रस्त्याकडं बघत उभा राहिला.

राजाबाईनं भुरीला मांडीवर घेतलं. भुरीनं एकदा चोच उघडली, आवाज न करता. मान राजाबाईच्या मनगटावर टेकवली. आणि हाताखालची टुकटुक बंद झाली.

राजाबाई हलली नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही. रामेश्वर अजून आला नव्हता. तो दिसेपर्यंत ही मेली असं म्हणायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. तिनं उपरण्याखाली हात घालून ती पिसं चोळायला सुरुवात केली, ऊब जाऊ नये म्हणून. सुकेशनी विचारायला आली, "कशी हाय?" तर म्हणाली, "झोपली." आणि पुन्हा फोन लावला.

या वेळी घंटीही वाजली नाही. फोन बंद होता.

तिनं पुन्हा लावला, बंदच. 

किती वेळ गेला कोण जाणे. मग रस्त्याच्या वळणावर माणूस दिसला. गाडी ढकलत येत होता. रामेश्वर. एका बाजूनं चिखलानं भरलेला, कोपरापासून बाही फाटलेली आणि हात लाल. सुकेशनी ओरडत पळाली. मल्हारीनं गाडी धरली. राजाबाई उठली नाही. तो तिच्यापुढं येऊन उभा राहिला तेव्हा ती फक्त त्याच्या डोक्याकडं बघत होती. डोकं धड होतं.

"काय झालं रं?"

"घसरली गाडी. लई नाय लागलं." तो चिडलेला होता आणि थंडीनं दातावर दात वाजत होते. "माय, किती फोन? खिशात सारखा थरथरू ऱ्हायला. मला वाटलं तुलाच काय झालं. काढाया म्हणून खिशात हात घातला, अन् गेली गाडी. मागून टँकर व्हता. थोडक्यात वाचलो."

राजाबाईनं ते ऐकलं. तिला ते सगळं एकदम कळलं नाही, तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. तिचा हात उपरण्याखाली अजून पिसं चोळत होता. तो थांबला.

"भुरी मेली," ती म्हणाली.

रामेश्वरचा राग ओसरला. तो खाली बसला, उपरणं बाजूला करून त्यानं भुरीच्या डोक्यावर चिखलाचा हात ठेवला. "देवीच्या दारात आली ना? मग झालं."

"व्हय," मल्हारी म्हणाला. "घरी थोडीच मेली? इथवर आली आपली आपण."

"आपली आपण कुठं? पाटीत आणली मी," राजाबाई म्हणाली आणि रडायला लागली. देवीनं घेतली का नाही, हे तिला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

भुरी कुणी खाल्ली नाही. मल्हारीनं बांधाच्या कडेला खड्डा केला आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. रामेश्वरच्या हाताला हळद भरून सुकेशनीनं फडकं बांधलं. एक दिवस घरी राहा, असं सगळ्यांनी सांगितलं. सुट्टी मिळत नाही, असं तो म्हणाला.

सकाळी तो निघाला. झड तशीच होती. राजाबाईनं आज हळू चालव म्हटलं नाही, दारात उभी राहून नुसती बघत राहिली. गाडी माळावरून डांबरीवर लागली, वळली, दिसेनाशी झाली. तो वाळूजला पोचायला किती वेळ लागतो ते तिला पाठ होतं. सुकेशनीचा फोन चुलीजवळच्या फळीवर होता. राजाबाईनं तो उचलला.  जीव नुसता तुटत होता. रस्त्यात कुठं असेल, पोचला असेल का, काही झालं असेल का.

तिनं फोन परत फळीवर ठेवला आणि दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून, भीत भीत, चुलीपुढं बसून राहिली.